बोंझूर, विहीणबाई!

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरशेजारी, एक कागद चिकटवलेला आहे. फोडणीचे शिंतोडे उडून उडून तो हळदीच्या रंगाचा झालाय. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय : बोंझूर, दिवसा. बोंस्वार, दिवेलागणीनंतर. बॉन न्वी, फक्त झोपायला जाताना! मेर्सी. ओ रव्वार. 'फक्त'च्या खाली दोन रेघा मारल्यात, त्या का ते पुढे सांगेन.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी तो कागद निरखून पाहिला नि विचारलं, "वहिनी, मंत्र हाय का कसला?"

"मंत्रच समजा," म्हटलं, आणि धीर करून त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बोंझूर!"

"काय चूर?" असं म्हणून त्या भांडी घासायला बसल्या.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, घरात पंच्याऐंशी वर्षांच्या सासूबाई असताना, मला ही फ्रेंचची पाटी-पेन्सिल का धरावी लागली? तुम्ही म्हणाल, हौस असेल. हौस कसली, बायांनो! एका न बोललेल्या शब्दाची भरपाई होती ती.

मी लग्न होऊन चिंचवडला आले १९८६ साली. हे टेल्कोत. आमचा सगळा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर लावलेला. पहिल्या पाळीचा डबा, दुसऱ्या पाळीचा डबा. चाकण म्हणजे तेव्हा आमच्या लेखी कांद्या-बटाट्याचा बाजार. वर्षाचा कांदा सासूबाई तिथूनच मागवायच्या. आणि दुसरं म्हणजे चौथीच्या इतिहासात वाचलेला किल्ला, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने दाद दिली नाही, तो. परदेशी माणसं या भागाला नवी नाहीत. स्वीडनची एसकेएफ चिंचवडला कैक वर्षांपासून आहे. १९९५च्या सुमाराला तर टेल्कोच्या पिंपरीच्या आवारातच मर्सिडीजच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. ह्यांनी तिथे कोणा जर्मन साहेबाकडून 'गुटेन टाग' उचललं ते आजतागायत टिकवून ठेवलंय. पण ही सगळी परदेशी माणसं कारखान्याच्या फाटकाच्या आत. आमच्या उंबऱ्याच्या आत कोणी आलेलं नव्हतं.

मग चाकणचं रूप पालटलं. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना तिथे सुरू झाला, मर्सिडीजही तिकडेच गेली, आणि त्यांच्या मागोमाग गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कितीतरी कंपन्या आल्या. त्यांत फ्रेंचही होत्या. अशाच एकीत आमचा धाकटा लागला. कंपनीनं २०२१च्या अखेरीला त्याला दोन वर्षांसाठी ल्यों शहराजवळ पाठवलं, दोनाची अडीच झाली, आणि एका रात्री त्याचा फोन आला. मुलगी तिकडचीच, त्याच्याच ऑफिसातली.

खोटं कशाला बोलू? मला आवडलं नाही. आरडाओरडा केला नाही, उपास धरला नाही, पण मी गप्प झाले. आमच्या घरात माझं गप्प होणं काय असतं ते ह्यांना विचारा. तिकडे कायद्यानं लग्न लागतं ते नगरपालिकेच्या कचेरीत, महापौरासमोर. बाकीचे विधी करायचे तर नंतर. मे २०२४ मध्ये खांद्यावरून तिरंगी पट्टा घेतलेल्या एका बाईंनी आमच्या मुलाचं लग्न लावलं आणि आम्ही ते निगडीत, प्राधिकरणातल्या आमच्या हॉलमध्ये बसून फोनवर बघितलं. माझ्या हातात अक्षता होत्या. त्या टाकायच्या कुठे?

जूनमधल्या एका रविवारी मुलानं विहीणबाईंना फोनवर आणलं. बारीक कापलेले पांढरे केस, चष्मा, गळ्यात एक रुमाल. त्या हसून म्हणाल्या, "बोंझूर, मादाम."

मी काही बोलले नाही. शब्द माहीत नव्हता हे खरंच. पण नमस्कार तरी करता आला असता की नाही? हात मांडीवरून उचलले नाहीत मी. घशात आवंढा होता, आणि त्याच्या खाली, आज कबूल करते, वरमाईचा ताठा होता. लग्नात ना मान ना पान, आणि ह्या बाई खुशाल हसतायत! मी मुलाकडे बघून एवढंच म्हटलं, "विचार त्यांना, जेवण झालं का." आमच्याकडे दुपारचे अडीच वाजलेले. तिथे सकाळचे अकरा. मुलानं काहीतरी सांगितलं, त्या नुसत्या हसल्या. पुढच्या दोन रविवारीही तसंच झालं. त्या "बोंझूर, मादाम" म्हणायच्या आणि मी मान हलवायची. मग त्या फोनवर येईनाशा झाल्या.

गौरी जेवायच्या दिवशी मुलाचा फोन आला. आवाज वेगळा वाटला. म्हणाला, "आई, एक सांगू? तिकडे बोंझूरला उत्तर न देणं म्हणजे काय, माहितीये? आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला 'या' न म्हणणं."

मैत्रिणींनो, माझ्या हातातला पुरणाचा डबा तसाच राहिला. दारात आलेल्याला 'या' न म्हणणं! आमच्या घरात भिकाऱ्यालासुद्धा कधी असं उभं ठेवलं नाही. आणि मी तीन-तीन वेळा विहिणीला दारात उभं ठेवलं होतं.

मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. तिकडे पाववाल्याच्या दुकानात शिरलं की आधी बोंझूर, मग पाव. आधी पाव मागितला तर दुकानदारीणबाई पाव देण्याऐवजी सावकाश "बोंझूर" म्हणतात, म्हणजे आपल्याला चूक कळावी. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला बोंझूर. डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसांनाही बोंझूर. आपल्याकडे कसं, भाजीवालीपुढे उभं राहिलं की "कशी दिली मेथी?" इथूनच बोलणं सुरू. त्यात अपमान कोणालाच वाटत नाही. ओळखीचं माणूस भेटलं की "काय, बाजारात वाटतं?" असं डोळ्यांना दिसतं तेच विचारायचं. आपलं अगत्य पाट मांडण्यात, पाण्याच्या तांब्यात, "जेवूनच जा"मध्ये. त्यांचं त्या एका शब्दात असतं. तो गाळला की पुढचं सगळं व्यर्थ.

मुलाची चाकणला परत बदली झाली होती. डिसेंबरात दोघं कायमची इकडे येणार होती, आणि मुलीला पोचवायला विहीणबाई तीन आठवड्यांसाठी येणार होत्या. माझ्या हातात तीन महिने होते.

आधी रीतसर शिकायचं ठरवलं. पुण्यात सोय उत्तम आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, आलियाँस फ्रांसेझ आहे. २०२३च्या ऑगस्टपासून पिंपरीहून मेट्रो थेट शिवाजीनगरपर्यंत जाते, त्यामुळे जाणं सोपं. एक दिवस जाऊन चौकशी करून आले. पण ते अभ्यासक्रम महिनोन्‌महिन्यांचे, संध्याकाळची वेळ नेमकी सासूबाईंच्या जेवणाची, आणि मला काही परीक्षा द्यायची नव्हती. मला हवं होतं ते उंबऱ्यावर उभं राहून बोलण्यापुरतं.

गुरू सापडली आमच्याच इमारतीत. खालच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी. तिनं फ्रेंच घेतलं होतं ते मार्कांसाठी. संस्कृतसारखेच फ्रेंचलाही भरघोस मार्क पडतात म्हणे. जन्मात तिनं एकही फ्रेंच माणूस पाहिलेला नव्हता. "काकू, मला लिहिता येतं, पण बोलायला कोणी नाही," असं म्हणाली. म्हटलं, "मला बोलायचंय, पण लिहिता येत नाही. जमलं की आपलं!" फी ठरली, रविवारी थालीपीठ आणि लोणी.

पहिला आठवडा नुसत्या उच्चारांत गेला. फ्रेंचांचा 'र' आपल्यासारखा जिभेच्या टोकाशी नसतो, घशात असतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताना जिथे खळखळतं ना, तिथून तो काढायचा. मी न्हाणीघरात सराव करायचे आणि हे बाहेरून विचारायचे, "घसा बसला का गं?" बोंझूरमधला 'झ' आपला झबल्यातलाही नाही नि झाडातलाही नाही. लांब 'श' म्हणत राहायचं आणि त्यातच मधमाशीसारखा घसा वाजवायचा, की येतो. सर्वांत अवघड म्हणजे 'त्यू'मधला स्वर. ओठ 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आत म्हणायचं 'ई'. करून बघा! आरशापुढे मी हे करत असताना सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "ही या वयात शिट्ट्या मारायला का लागलीय?"

तो 'त्यू' म्हणजे आपलं 'तू', आणि 'वू' म्हणजे 'तुम्ही'. हे मात्र मला फार आवडलं. इंग्रजीसारखं सगळ्यांना एका मापात मोजत नाहीत, अहो-जाहो आहे. विहिणीला अर्थातच 'वू'. पण मुलगा बोलता बोलता म्हणाला, की तो सासूला 'त्यू' म्हणतो, त्यांनीच तसं म्हणायला सांगितलंय. मी कपाळाला हात लावला. सासूला अरे-तुरे? रात्री पडल्या पडल्या मनात आलं, हा मला तरी कुठे अहो-जाहो करतो? 'अगं आई'च म्हणतो की. म्हणजे तिनं त्याला जावई केलंच नाही, मुलगा करून टाकलं. मी तिच्या मुलीला फोनवर काय म्हणत होते? "बरी आहेस ना?" एवढंच.

'मेर्सी'चा घोळ निराळाच. धन्यवाद म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. नवऱ्यानं वर्तमानपत्र हातात दिलं आणि आपण "आभारी आहे" म्हटलं, तर काय होईल? सरावासाठी मी ह्यांना "मेर्सी" म्हटलं, तर हे घाबरून म्हणाले, "काय चुकलं माझं?"

गालाला गाल लावण्याची गोष्ट ऐकली तेव्हा मात्र माझा धीरच सुटला. तिला 'बीझ' म्हणतात. कुठे दोन वेळा, कुठे तीन, कुठे चार; गावागणिक आकडा बदलतो, आणि घरच्यांत पुरुषपुरुषही करतात. "मला नाही जमायचं हे," म्हटलं. ह्यांनी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "तुकोबांची पालखी दरवर्षी आकुर्डीला उतरते. तिथे वारकरी 'राम कृष्ण हरी' म्हणत एकमेकांच्या पाया पडतात, धाकटा-मोठा न बघता. ते पाहिलं तर तिला नाही विचित्र वाटणार?" यांना 'गुटेन टाग'च्या पलीकडे काही येत नाही, पण कधी कधी असं बोलतात.

सर्वांत पटला तो निरोपाचा शब्द. ओ रव्वार म्हणजे 'पुन्हा भेटेपर्यंत'. दुसरा एक शब्द आहे, 'आद्यो', देवाच्या हवाली. तो कायमच्या ताटातुटीला वापरतात, उठसूट म्हणत नाहीत. माझी छोटी गुरू हे पुस्तकातून वाचून दाखवत होती, तर कॉटवरून सासूबाई म्हणाल्या, "मग त्यात काय नवीन? 'येते' म्हणावं, 'जाते' म्हणू नये." पोरीनं वही बंद करून आजींकडे पाहिलं. तिच्या बाईंनी तिला इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

आता तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी त्या दोन रेघांचं सांगते. बोंस्वार आणि बॉन न्वी यांत गल्लत करू नका. दोन्हींचा अर्थ रात्रीशी जोडलेला, पण बोंस्वार हे स्वागत आहे, आणि बॉन न्वी म्हणजे 'झोपा आता'. दारात आलेल्या पाहुण्याला बॉन न्वी म्हणणं म्हणजे 'या' म्हणून दिवा मालवण्यासारखं. आणि 'साल्यू' हा शब्द पोरांना त्यांच्या मित्रांसाठी राहू द्या, आपण विहिणीला म्हणू नये.

याशिवाय मी एक अख्खं वाक्य मागून घेतलं. कशाला, ते गुरूला सांगितलं नाही. "झ्य स्वी देझोले पूर ल तेलेफोन." टेलिफोनबद्दल मला वाईट वाटतं. पोळ्या लाटताना दर पोळीला एकदा, असं ते पाठ केलं.

डिसेंबर २०२४. मुंबईहून गाडी रात्री नऊला दारात आली. भाकरतुकडा तयार होता, औक्षणाचं ताट तयार होतं. मुलगा-सून पुढे, विहीणबाई मागे, गळ्यात तोच रुमाल. प्रवासानं अगदी गळून गेलेल्या. माझे हात गार पडले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "बोंस्वार, मादाम."

त्या थबकल्या. मग त्यांच्या तोंडून फ्रेंचचा जो धबधबा सुरू झाला! त्यांना वाटलं, बाईंना येतं. मला एक अक्षर कळेना. मी आपली प्रत्येक वाक्याला "मेर्सी, मेर्सी" म्हणतेय. शेवटी सूनबाई हसत हसत मध्ये पडली. तिची आई मघापासून बाथरूम कुठे आहे ते विचारत होती! आणि बीझ? मी उजवा गाल पुढे केला, त्यांनीही तिकडचाच केला, चष्म्यावर चष्मा आपटला. इतकं करून औक्षणात निरांजन विझलं नाही, हे नशीब.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ओट्याशी. मागे पाऊल वाजलं. "बोंझूर." "बोंझूर," मी म्हटलं. चहा दिला. त्यांनी तो नाक न मुरडता प्यायला, मग टेबलावरच्या मटारच्या शेंगा पुढे ओढून सोलायला लागल्या. न सांगता. शेंग उघडून अंगठा फिरवायची त्यांची रीत अगदी आपल्यासारखीच. घरात दुसरं कोणी जागं नव्हतं. मी समोर बसले. दोन-चार शेंगा सोलल्या आणि पोळीवाणी घोकलेलं ते वाक्य म्हणून टाकलं.

त्यांचा हात थांबला. बराच वेळ त्या परातीतल्या दाण्यांकडे बघत होत्या. मग माझ्या मनगटावर हात ठेवून हळू म्हणाल्या, "मावशी."

मला काही उमगेना. मावशी? हा शब्द त्यांना कुणी शिकवला? आणि मी त्यांची मावशी कशी? वयानं तर त्याच मोठ्या. पण डोळे भरले होते त्यांचे, म्हणून मी मान हलवली आणि दोघी मटार सोलत राहिलो.

संध्याकाळी गुरू आली तेव्हा तिला विचारलं. तिनं दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून आणि म्हणाली, "काकू, मावशी नाही! 'म्वा ओसी'. म्हणजे 'मी पण', 'मलासुद्धा'."

मलासुद्धा. पुढचं सूनबाईनं सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. आईला हे लग्न नकोच होतं. एकुलती एक मुलगी इतक्या लांब जाणार म्हणून महिनाभर ती लेकीशी धड बोलली नव्हती. जूनमधल्या त्या रविवारी तोंडावर पाणी मारून, रुमाल बांधून ती फोनसमोर बसली होती. मला वाटलं, खुशाल हसतायत. माझा मुलगा परत घरी आला होता, तिची मुलगी घर सोडून आली होती. वरमाईचा मान कसला घेऊन बसले होते मी!

तीन आठवडे भुर्रकन गेले. त्यांनी वरण-भात हातानं खायला शिकून घेतलं, मोरया गोसावींच्या समाधीचं दर्शन घेतलं, आमचा पाहुण्यांचा समारंभ पिवळ्या पैठणीत पार पाडला. सासूबाईंशी त्यांचं विशेष जमलं. सासूबाईंना त्यांनी वय विचारलं. सासूबाई जुन्या पद्धतीनं म्हणाल्या, "चार विसा नि पाच." सूनबाई भाषांतर करता करता ओरडलीच, कारण फ्रेंचमध्ये पंच्याऐंशीला अगदी तेच म्हणतात, चार-वीस-पाच! सासूबाईंना त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. शहाणी माणसं अशीच मोजणार, असा त्यांचा चेहरा.

निघायच्या रात्री गाडी खाली उभी. मी हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. "ओ रव्वार," म्हटलं, 'र' घशातून बरोबर आला. त्यांना बोलवेना. आतून कॉटवरून सासूबाईंचा आवाज, "येते म्हण म्हणावं तिला!" सूनबाईनं ते कानात सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं. "येते," विहीणबाई म्हणाल्या, लेकीचा हात धरून.

आता दर रविवारी अडीचला आमचा फोन असतो. माझी गुरू बारावीत गेली, तिच्या मागे क्लासांचा ससेमिरा, त्यामुळे माझी शाळा सध्या बंद आहे. पण कॅलेंडरशेजारी दुसरा कागद लावलाय, आकड्यांचा. विहीणबाईंना आता लवकरच सत्तर पूर्ण होतील, आणि फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा'. सासूबाईंना ही मोजणी मुळीच पसंत नाही. "तीन विसा नि दहा म्हणायला काय झालं त्यांना?" असं त्यांचं चाललंय, आणि मी पोळ्या लाटताना घोकतेय.